पानओव्याचं घरचं नाव

बागेची कचेरी,
२ फेब्रुवारी

ती. आत्या,
सा. न. वि. वि.

तुझी, दुकानातल्या बरण्यांची आणि मागच्या अंगणातल्या कुंड्यांची खुशाली एकदमच विचारते. एकीचं दुखलं की बाकीच्यांचंही बिनसतं, हे मला ठाऊक आहे.

बातमी अशी की मला अखेर औषधी झाडांचा वाफा मिळाला. इतकी वर्षं या सार्वजनिक बागेत गुलाबाच्या काट्यांशी झटापट केली, आता गवती चहा, सताप, मरवा, बडीशेप ही सगळी मंडळी माझ्या ताब्यात आली. आमच्या बागप्रमुख बाईंना प्रत्येक झाडापुढे पाटी हवी आहे. वर शास्त्रीय नाव, मधे रोजचं नाव आणि खाली लोकांनी लाडानं किंवा रागानं ठेवलेलं नाव. पहिली दोन पुस्तकात सापडतात. तिसऱ्यासाठी तुझी आठवण झाली.

लहानपणी मी दुकानात वाळल्या पाल्याच्या पोत्यांमागे लपून ऐकायची. गिऱ्हाइकासमोर तू मरवा म्हणायचीस आणि अंगणात त्याच झाडाशी पुटपुटताना भलतंच काहीतरी. ती घरची नावं मला दे ना. बाबा म्हणतात, ताई एक वेळ गल्ल्याची किल्ली देईल, पण नावं देणार नाही. त्यांना खोटं पाड.

कळावे. माझ्यावरचा लोभ तुझ्या पाल्यासारखा वाळत घालू नकोस.
तुझी,
नकटी

दुकान,
७ फेब्रुवारी

चि. नकटी हिस,
अ. आ.

वाफ्याची बातमी वाचून ऊर भरून आला. शेजारच्या शिंपीणबाईंना पत्र वाचून दाखवलं, वरून आलेल्या-गेलेल्या गिऱ्हाइकांनाही सांगितलं. आता नावांचं. तुझ्या बापानं आयुष्यात कधी नव्हे ते खरं बोलायचं मनावर घेतलं आहे, तर मी त्याला खोटं कशाला पाडू? नावं मिळणार नाहीत.

फुगून बसू नकोस. ही नावं मला माझ्या आत्यानं दिली, तिला तिच्या आत्यानं. आपल्या घरात ती आत्याकडून भाचीकडे जातात. झाडावर हात ठेवायचा आणि नाव कानात सांगायचं, तेही जी पुढे त्या झाडाला पाणी घालणार तिलाच. कागदावर उतरवायचं नाही. नाव कागदावर गेलं की पानातला गुण जातो, असं आत्या म्हणायची. ते खरं की खोटं, मी कधी तपासलं नाही. तपासायचं म्हणजे लिहावं लागलं असतं. तेव्हा सवडीनं ये, मग बघू.

बाकी ठीक. घसा तेवढा बरेच दिवस बसला आहे. खोकल्याचा पाला विकणारीचाच आवाज असा फाटका, त्यामुळे गिऱ्हाईक बरणीकडे संशयानं बघतं. शिंपीणबाई म्हणतात, तुम्ही हल्ली सारख्या डाफरता. मी कुठे डाफरते, आवाजच तसा निघतो. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं आहे. काळजीचं काही नाही.

लोभ मुरत ठेवला आहे, तुला कमी पडायचा नाही.
तुझी,
आत्या

बागेची कचेरी,
१६ फेब्रुवारी

ती. आत्या,
सा. न. वि. वि.

तू हात आखडलास म्हणून नावं मीच ठेवली आणि खडूनं पाट्यांवर लिहून टाकली. गवती चहा झाला 'पाहुण्यांचा आधार' आणि सताप झाला 'खाष्ट सासू'. काल एक आजोबा सतापापुढे उभे राहून मला पटवून देत होते की त्यांची आईसुद्धा त्याला खाष्ट सासूच म्हणायची. नाव ठेवून एक दिवसही झाला नव्हता. मी आदरानं मान डोलावली.

इथवर थट्टा. बाबांचा फोन आला होता. तुझ्या घशात गाठ आहे, ऑपरेशनची तारीखसुद्धा पडली आहे, आणि मला तू लिहितेस की काळजीचं काही नाही. मला तुझा राग आला आहे. रागापेक्षा भीती जास्त वाटते आहे, पण राग लिहायला सोपा. खरं काय ते कळव, आणि या वेळी गिऱ्हाइकाला सांगतेस तसं गोड करून सांगू नकोस.

उत्तर येईपर्यंत लोभाबिभाचं काही लिहीत नाही.
नकटी

दुकान,
२० फेब्रुवारी

चि. नकटी हिस,
अ. आ.

रागावलीस ते बरं केलंस. तुला नुकता वाफा मिळालेला, त्यात माझं रडगाणं नको म्हणून लपवलं.

ऑपरेशन दोन तारखेला, सोमवारी आहे. डॉक्टर चांगला माणूस आहे, आडवळणं घेत नाही. गाठ निघेल म्हणाला. आवाज राहील की जाईल, ते सांगता येत नाही म्हणाला. कापाकापीचं मला काही वाटत नाही. पण अंगणातल्या एवढ्या झाडांची नावं एकट्या माझ्या तोंडात आहेत. ते तोंडच मिटलं तर ती माझ्याबरोबर बुडाली. दोन आत्यांनी सांभाळून आणलेलं माझ्या हातून जायचं, हे काही मला सहन होत नाही.

तुझा बाप म्हणतो, फोनमध्ये बोलून ठेव. मी विचारलं, फोन झाडांना पाणी घालणार का? मग तो अंगणात कुंपणाजवळ खुर्ची टाकून फुरंगटून बसला आणि माझ्याकडूनच चहा मागवून प्यायला. एकदा मी वही-पेनही घेतलं होतं. पहिल्याच झाडाशी हात अडला, पेनाचं टोपण लावून टाकलं.

त्याच्या आदल्याच दिवशी, रविवारी, तुझ्या वाफ्याचं उद्घाटन आहे, ते तुझ्या बापाकडून कळलं आहे. म्हणून ये म्हणत नाही. नुसतं कानावर घालून ठेवते.

लोभ ऑपरेशननंतरही राहील, त्याला गाठ लागत नाही.
तुझी,
आत्या

बागेची कचेरी,
२४ फेब्रुवारी

ती. आत्या,
सा. न. वि. वि.

ये म्हणत नाही म्हणे. सगळ्या पत्रात दुसरं आहे काय?

फीत कापायला बागप्रमुख बाई समर्थ आहेत. रजेचं ऐकून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत. शनिवारी संध्याकाळी पोचते. तोवर तोंडातून शब्द काढू नकोस, गिऱ्हाइकाशीसुद्धा नाही. आहे नाही तेवढा आवाज माझ्यासाठी राखून ठेव.

घाईत,
तुझीच नकटी

बागेची कचेरी,
९ मार्च

ती. आत्या,
सा. न. वि. वि.

बाबांकडून कळलं की तू चमच्यानं दूध घेतेस आणि पाटीवर लिहून शिंपीणबाईंशी वाद घालतेस. म्हणजे तब्येत सुधारते आहे. गळ्याची पट्टी खाजवू नकोस.

तो रविवार माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तू कुंडीमागून कुंडी पुढे जात होतीस, मधेच थांबून पाणी पीत होतीस, आणि मी कान पुढे करून तुझ्यामागे. मला वाटलं होतं नावं मंत्रासारखी असतील. ती तर आपलीच माणसं निघाली. ज्याच्या दुखण्याला जे झाड पहिल्यांदा कामी आलं, किंवा ज्याचा स्वभाव ज्या झाडाला लागू पडला, त्याचं नाव त्या झाडाला. रीत पाळते, एकही नाव लिहीत नाही. पण कुंपणाजवळच्या त्या खाजऱ्या पाल्याचं नाव ऐकलं आणि मला हसू आवरेना. नुसता हात लावला तर आग, उकळला की लोण्यासारखा मऊ. आणि हा माणूस इतकी वर्षं त्याच कुंडीशेजारी खुर्ची टाकून चहा पितो, त्या झाडाशी पुटपुटताना तू 'गप रे' कुणाला म्हणतेस याचा त्याला पत्ता नाही. आणि दुसऱ्या एका झाडाला ज्यांचं नाव आहे ते काका थोडाच वेळ बरे वाटायचे, म्हणून त्यांचं झाडही थोडंच घ्यायचं, हे तर मी जन्मात विसरणार नाही. कशाला किती आणि कसं वापरायचं, ते सगळं नावातच ठेवलेलं.

परत आल्यावर माझ्या पाट्या वाचल्या. बऱ्या आहेत, राहू देत. ती नावं बागेची, ही आपली. दर महिन्याची रजा यापुढे तुझ्या अंगणात काढणार आहे, पाण्याची नळी मोकळी ठेव.

एकच गोष्ट मनात सलते आहे. शेवटी स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या पानओव्यापाशी आलो. तू त्यावर हात ठेवलास, माझा कान जवळ ओढलास आणि काहीच न बोलता चहा ठेवायला वळलीस. मला वाटलं, आवाज संपला. तेवढं एक नाव राहून गेलं का गं? ते गेलं असेल तर मला फार वाईट वाटेल.

लोभ पूर्वीसारखा वाढता, मीच पाणी घालते आहे.
तुझी,
नकटी

दुकान,
१५ मार्च

चि. नकटी हिस,
अ. आ.

पट्टी निघाली. गाठ मुळासकट गेली, पुढची भीती नाही, असं डॉक्टर म्हणाला. आवाजही गेला. कुजबुजण्यापुरतासुद्धा उरला नाही, आणि तो परत यायचा नाही. सकाळी सवयीनं अंगणात जाते, झाडांपुढे तोंड उघडते आणि नुसती हवा येते. एक दिवस फार रडू आलं. कुंपणाजवळच्या कुंडीपाशी बसून रडले. ज्याची कुंडी तो आतून धावत आला आणि रुमाल देऊन शेजारी बसला. उकळल्यावर मऊ होतो, ते खरंच आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. त्या वेळी आवाज संपला नव्हता. पानओव्याला नावच नाही. जी नावं सांभाळते तिनं स्वतःचं झाड स्वतः ठरवायचं नसतं. तिच्यासाठी एक कुंडी बिननावाची ठेवतात आणि तिचं नाव पुढची ठेवते. माझ्या आत्यासाठी दारातल्या बडीशेपेचं नाव मी ठेवलं. तिच्या कानात सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की चष्मा खाली पडला. अजून त्या झाडापुढून जाताना मला तो चष्मा दिसतो.

हे तुला तेव्हाच सांगणार होते. पण माझ्यासाठी एक नाव ठेव, असं आपल्या तोंडानं मागायचं कसं? लाज वाटली, म्हणून चहा ठेवायला गेले. आता कागदावर मागते आहे, तर तेवढी लाज वाटत नाही. नाही सुचलं तरी मनाला लावून घेऊ नकोस. झाड बिननावाचंही वाढतं.

लोभ आहेच. तो सांगायला आवाज लागत नाही, एवढं बरं.
तुझी,
आत्या

बागेची कचेरी,
१९ मार्च

ती. आत्या,
सा. न. वि. वि.

येताना पानओव्याची एक फांदी पिशवीत टाकून आणली होती, तुला न विचारता. ती वाफ्यात लागली. शेजारून शंभरदा गेलं तरी त्याचा वास येत नाही. चुकून हात लागला की मग दिवसभर बोटांतून जात नाही. हे पाहिलं आणि नाव सुचायला वेळ लागला नाही. खरं तर ते मला लहानपणापासून माहीत होतं, ते नाव आहे हे कळलं नव्हतं.

बागप्रमुख बाईंनी विचारलं, या पाटीची खालची ओळ कोरी का? मी सांगितलं, याचं नाव आमच्या घरचं आहे. त्या म्हणाल्या, मग दुसरं काहीतरी ठेवून द्या, बाकीच्यांना ठेवलीत तशी. मी म्हटलं, या झाडाला दुसरं नाव चालायचं नाही, आणि जे आहे ते अजून एका बाईच्या कानावर जायचं आहे. त्यांनी परत आठ्या घातल्या, पण ओळ कोरीच राहिली.

आवाज गेल्याचं दुःख मलाही आहे. 'होईल ते हळूहळू कमी' असलं काही मी लिहिणार नाही. पण या कामात तुला त्याची गरज नाही. आत्तापर्यंत तू सांगितलंस, मी ऐकलं. आता सांगायची पाळी माझी. शनिवारी येते. तू खिडकीशी बस, पानओव्यावर हात ठेव आणि नुसता कान दे.

चष्मा मात्र आधी काढून ठेव, नाहीतर तुझाही पडेल.

कळावे, बाकीचं कानात.
तुझी,
नकटी