तोंडचं पाणी

गेवराई,
माघ वद्य पंचमी

प्रिय मोहन,

तुझं पत्र पोचलं. आप्पांना आता अक्षर दिसत नाही, म्हणून त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, आणि दोन्ही वेळा एकाच ओळीला मान डोलावली. 'नथ सापडल्याचं ऐकून आनंद झाला. अक्का निर्दोष आहे हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं.' आईनं देवापुढं साखर ठेवली. मी पत्राची घडी घातली आणि चुलीपुढं जाऊन बसले. पहिल्यापासून ठाऊक होतं म्हणतोस. खरं आहे. तुझ्याइतकं ते या जगात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तेवढ्याचसाठी माझा तुझ्यावर राग आहे. अक्षरं मी तुझ्याच पाटीवर गिरवली, तेव्हा हा राग तुलाच लिहून धाडते. वाचताना मधेच उठून जाऊ नकोस. दवाखान्यातली माणसं घटकाभर थांबतील.

तुला आठवतं का, हैदराबादला डॉक्टरीच्या मदरशात गेल्यावर पहिल्याच सुट्टीत तू काय उद्योग मांडला होतास? रानात उतरलेल्या धनगरांकडून मेंढीचं मुंडकं आणलंस आणि गोठ्यात बसून करवतीनं मधोमध उभं चिरलंस. आई विटाळ विटाळ म्हणून ओरडत होती. परात मात्र मीच धरली होती. आतलं बघून मी वास विसरले. नाक म्हणजे दोन भोकं, एवढंच मला माहीत. आत बघते तर केवढा पसारा. मधे एक पडदा, दोन्ही अंगांना कागदाच्या सुरळीसारखी वळलेली नाजूक हाडं, आणि गालाच्या, कपाळाच्या हाडांत पोकळ जागा. तू म्हणालास, माणसाचंही असंच असतं, या पोकळ्या नाकाला जोडलेल्या असतात, म्हणून पडसं झालं की कपाळ ठणकतं. मी म्हटलं, म्हणजे माझ्याही डोक्यात रिकाम्या खोल्या आहेत, राहायला कुणी आलं नाही एवढंच. किती हसला होतास.

मग लिंबाचा खेळ. घरातल्या एकेकाला तू ओसरीवर उन्हात बसवलंस, जिभेवर लिंबाची फोड ठेवलीस आणि गाल बोटानं ओढून आत बघितलंस. वरच्या दाढेसमोर गालाच्या आतल्या अंगाला एक बारीक टिपका असतो, कानापुढच्या गाठीतली लाळ तिथून येते. जबड्याखाली तशीच एक गाठ, जिभेखाली एक, आणि हे सगळं दोन्हीकडं. आप्पांच्या गालात झरा फुटला. आईच्याही. तुझ्या तर आरसा हातात घेईपर्यंत हनुवटीवर ओघळ आला. माझ्या गालात नुसती ओल आली आणि थांबली. तू फोड बदललीस, दुसरा गाल बघितलास, आणि तुझं हसू गेलं. आरशानं ऊन पाडून माझं नाकही बघितलंस. आत भिजल्या मनुकेएवढा मांसाचा कोंब निघाला. त्यानं वाट अडते, म्हणून मी तोंडानं श्वास घेते, आणि मुळातच कमी असलेली लाळ तीही वाळून जाते. लहानपणापासून मला घासागणिक ताकाचा घोट लागतो, म्हणून आई मला नखरेल म्हणायची. त्या दिवशी तू तिला सांगितलंस, 'आई, हिला बोलू नको. हिच्या लाळेच्या गाठीच आळशी हायेत, ती काय करील?' मला रडू आलं होतं. इतकी वर्षं खाल्लेली बोलणी तू एका वाक्यात पुसलीस. तो कोंब तारेच्या फासानं निघतो, परीक्षा झाली की मीच काढीन, असा शब्दही दिला होतास. कोंब अजून जागेवर आहे. हे पत्र मी तोंड उघडं ठेवूनच लिहिते आहे.

आता तलवाड्याचं. माझ्या सासरी काय घडलं ते तुला सांगायला नको, तू तिथं होतास. पण तुझ्या मनात ते कसं राहिलंय कोण जाणे, म्हणून माझ्या बाजूनं सांगते. सासूबाईंची, केशरबाईंची, मोत्यांची नथ हरवली. त्या दिवसांत त्यांना दांडगं पडसं झालं होतं, नाक सुजून लाल झालं होतं, आणि नथ त्यांनी स्वतःच काढून कुठंतरी ठेवली होती. मी हे बोलून दाखवलं तर त्या चोराच्या उलट्या बोंबा ठरल्या. मामंजींनी, राधाकिशनरावांनी, अमावास्येला मारुतीपुढं घरच्या लेकीसुनांना तांदूळ द्यायचं ठरवलं. जुना न्याय आहे त्यांचा. गुरवानं देवापुढचे कोरडे तांदूळ मूठभर द्यायचे, ते चावून पळसाच्या पानावर थुंकायचे. जिचे ओले पडतील ती खरी, जिचे कोरडे पडतील ती चोर. खोट्या माणसाचं भीतीनं तोंडचं पाणी पळतं म्हणतात. पळत असेल. माझ्या तोंडात पळायला पाणी होतंच कुठं?

जाऊबाईंचे, वच्छलाबाईंचे, तांदूळ खिरीसारखे पडले. नणंदेचेही. माझे जात्यातून भरड पडावी तसे पडले. बायका मागं सरल्या. तू पाहुणा म्हणून आला होतास आणि पारावर मामंजींच्या शेजारी नवा कोट घालून बसला होतास. मला वाटलं, देवानंच धाडलाय ह्याला. मी तुझ्याकडं बघितलं आणि गालावर बोट ठेवलं, बरोबर त्या टिपक्याच्या जागी. तुझी नजर माझ्या बोटावर आली. मी शपथेवर सांगते, आली. मग ती तुझ्या बुटांकडं गेली. तरी मामंजींनी तुला विचारलं, 'डागदरसाहेब, तुमी शिकलेले मानूस. तुमची विद्या काय म्हन्ती?' माझा जीव कानात गोळा झाला. आणि तू म्हणालास, 'देवाच्या न्यायापुढं आमची विद्या काय सांगणार, मामा.' हे वाक्य मला तोंडपाठ आहे. भाकरी थापताना आठवतं, केस विंचरताना आठवतं.

त्यानंतर मामंजींनी जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबांकडं तुझ्यासाठी शब्द टाकला आणि तुझी बीडला नेमणूक झाली. हे दोन धागे जोडायला मला बराच काळ लागला, कारण जोडायचे नव्हते. मी गाडीत मागं तोंड करून बसून माहेरी आले. घरधन्यांनी दुसरं लग्न केलं. लेकीनं नाक कापलं म्हणून आप्पांनी चावडीवर जाणं सोडलं. आणि तू दर दिवाळीला लुगडं धाडत राहिलास, चांगलं, काठाचं. देवानं भावाबहिणीत लाळेची वाटणीही अशी केली, की माझ्या वाट्याला थेंब नाही, आणि तुझ्या वाट्याला एवढी, की घोटायला मामंजींचा उंबरा लागला. हे वाईट लिहिलं गेलं. पण खोडणार नाही. कधी वाटतं, तूही भ्याला असशील. त्या घटकेला तुझंही तोंड कोरडं पडलं असेल. गुरवानं मूठभर तांदूळ तुलाही द्यायला हवे होते.

नथ सापडली ते तू ऐकलंस. कुणाला सापडली ते ऐकलंस का? सिदू धनगराच्या बायकोला, कडूबाईला. ती मामंजींच्या गोठ्यात शेणघाण करते. संक्रांत झाल्यावर भिंत लिंपायला तिनं देवळीतल्या चिंध्या उपसल्या, तर मागच्या उंदराच्या बिळात नथ. पडशात सासूबाई शेळीचं धारोष्ण दूध प्यायला गोठ्यात जायच्या, तिथंच त्यांनी ती देवळीत ठेवली असणार. कडूबाईनं नथ धुतली आणि पदराखाली झाकून त्यांना नेऊन दिली. तुला वाटलं, संपलं, अक्का सुटली. मी कुठली सुटते? तांदळानं सून चोर ठरवली आहे आणि मारुती काही चुकत नाही. मग नथ गोठ्यात निघाली, म्हणजे गोठ्यातल्या बाईनं लपवायला हात दिला. असा त्यांचा हिशेब. म्हणून शिवरात्र झाली की अमावास्येला आता कडूबाईला तांदूळ देणार आहेत. सिदू काल तलवाड्याहून चालत आला आणि ओसरीखाली बसून राहिला. वर ये म्हटलं तरी येईना. म्हणाला, 'वैनीसाब, चोरली असती तर नेऊन कशापायी दिली असती? पर आमचं कोन ऐकतंय. तिच्या तोंडाला आत्ताच कोरड पडलीया, पानीबी खाली उतरंना. तांदूळ काय ओलं व्हनार हायती.' तांदूळ कोरडे पडले की त्यांची मेंढरं शिवारातून हाकलायची, हे मामंजींनी आधीच बोलून ठेवलं आहे.

तुझ्या पत्राला मी उत्तर देणार नव्हते. सिदू आला नसता तर माझा राग माझ्यापाशीच राहिला असता आणि पुढच्या दिवाळीचं लुगडंही मी मुकाट्यानं घेतलं असतं. हे पत्र तोच घेऊन येतो आहे, त्याला भाकरी खाऊ घाल. मला तुझी माफी नको, औषधाची बाटली नको. तू अमावास्येला तलवाड्याला ये. त्याच पारापुढं उभा राहा, मामंजींच्या शेजारी बसू नकोस, आणि ओसरीवर आईला जे सांगितलंस ते पंचांना सांग. भ्यालेल्या माणसाच्या लाळेच्या गाठी मिटतात, मग तो चोर असो की साव असो, आणि काहींच्या जन्मापासून आळशी असतात. मी तिथं असेन. आप्पांना अजून सांगितलेलं नाही. मी कडूबाईच्या शेजारी बसून तोंड उघडीन, तू सगळ्यांदेखत माझा गाल ओढून दाखव. मामंजी बिथरतील, तुझी नेमणूकही जाईल कदाचित. माझं घर गेलं तेव्हा तू बुटांकडं बघत होतास, तेव्हा त्याचं मला फार वाटेल असं समजू नकोस. आणि तू आला नाहीस तरी मी तोंड उघडणारच आहे. हे तुला कुणी शिकवलं म्हणून लोक विचारतील, तर तुझं नाव सांगेन. येताना लिंबू आण. तलवाड्यात मला ते कुणी देणार नाही.

अजून तरी तुझीच,
कोरड्या तोंडाची अक्का