नाशिकच्या मतदानातला आठवा दाणा

लिक्सलिप, आयर्लंड
२० सप्टेंबर २०२१

तीर्थरूप बाळूभाऊजी यांना धाकट्या भावजयीचा, नंदाचा, नमस्कार.

इकडे आम्ही बरे आहोत. तुमचा गुडघा आणि तुमचा राग, दोन्हींना उतार पडला असेल अशी आशा करते. हल्ली माझा फोन आला की तुम्ही तो वृंदावहिनींच्या हातात देऊन बागेत निघून जाता, म्हणून पत्र लिहिते. (हेही त्यांच्या हातात देता येईल, पण मग त्या मोठ्याने वाचतील. तेव्हा आपलं आपणच वाचलेलं बरं.)

तुम्हाला ठाऊकच आहे, मी गेल्या वर्षी दोन महिन्यांसाठी म्हणून लेकाकडे, अनीशकडे आले, विमानं बंद झाली आणि इथेच राहिले. अनीश सकाळी कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात जातो. घरात किअरन नावाचा मुलगा असतो, किलकेनीच्या हॉस्पिटलात नर्स आहे, ड्युट्या संपल्या की इकडे येतो. मी त्याला घर वाटून घेणारा मित्र समजत होते. इतकंच नाही, तर बॉल्सब्रिजच्या एका ऑफिसात काम करणारी कौमुदी म्हणून मुलगी मी अनीशसाठी हेरली आणि त्याला राजी करायचं काम सोपवलं ते किअरनवर. बिचाऱ्याने तिचा फोटो नीट पाहिला, मुलगी चांगली आहे म्हणाला आणि मग कुकर घासायला घेतला. कुकर आधीच स्वच्छ होता. तो घासतच राहिला, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी रडले नाही असं लिहिणार नाही. पण कशाला रडले याचा शोध घेतला, तर एवढंच सापडलं की ही गोष्ट ह्यांना सांगायची राहून गेली. (तीन वर्षं झाली, तरी काही घडलं की मान आधी ह्यांच्या खुर्चीकडे वळते. इथे तर ती खुर्चीही नाही. मी उगाच फ्रिजकडे बघते.)

किअरनची आई नोरा शेजारच्याच गल्लीत राहते. तिने मला इथल्या मतदानाची हकिगत सांगितली. या देशात राज्यघटनेतला शब्द बदलायचा तर मंत्र्यांनी ठरवून भागत नाही, घरोघरी विचारावं लागतं. सहा वर्षांपूर्वी सगळ्या देशाला विचारलं की लग्न दोन माणसांचं, मग ते दोघे पुरुष असोत की दोघी बायका, असं घटनेत लिहायचं का. पोरं परदेशातून बोटीने, विमानाने नुसतं मत द्यायला आली. (शाळा सातवीला सुटली तरी हाती पडेल ते वाचायची माझी खोड तुम्हाला माहीत आहे. वाचनालयातून पुस्तक आणून, शब्दकोश शेजारी ठेवून, मी हे सगळं पडताळून पाहिलं.) नोराचा नवरा घरीदारी ‘नाही’ म्हणून गर्जत होता. तीही शहाण्या बायकोसारखी मान हलवत होती. केंद्रात जाऊन तिने ‘हो’वर खूण केली आणि परत येताना गाडीत पावसापाण्याच्या गप्पा मारल्या. वर्षभराने नवऱ्याने चाचरत कबूल केलं की त्यानेही ‘हो’च केलं होतं, पण बायको चिडेल म्हणून बोलला नव्हता. असे किती असतील कोण जाणे. शंभरात बासष्ट ‘हो’ निघाले. मला त्यातून कळलं ते इतकंच, की माणसाला चारचौघांत विचारलं तर तो चारचौघांचं उत्तर देतो.

म्हणून, भाऊजी, तुमच्या घरी गौरीजेवणाला, अनीश-किअरनच्या लग्नाला घरची संमती द्यायची का, यावर मतदान झालं त्यामागे मी होते. वृंदावहिनींना बोल लावू नका, त्यांनी फक्त डबा दिला. तुमचं दुःख मला समजतं. तीन मुलींच्या लग्नांत तुम्ही व्याह्यांपुढे वाकलात, थोरल्या व्याह्यांच्या बंधूंनी तर पंगतीत कढी गार म्हणून तुम्हाला बोल लावले. एकदा तरी मुलाकडचे म्हणून ताठ बसावं, दोनदा रुसावं, असं मनात धरून तुम्ही अनीशकडे डोळे लावून होतात, आणि त्याने नवराच आणला. पण विचार करा, या लग्नात दोन्हीकडचे मुलाकडचेच आहेत. रुसायला पूर्ण मुभा आहे. (समजूत काढायला मात्र कुणी येणार नाही. नोराला रुसवा हा प्रकार समजावून सांगताना माझा अख्खा दिवस गेला. तिला वाटलं, तुमचं पोट दुखतंय.)

हे सगळं मी हसत सोसलं असतं. पण तुम्ही फोनवर म्हणालात, “विलास असता तर त्याने हे चालू दिलं नसतं.” ते वाक्य मला गिळता येईना. तुम्ही थोरले भाऊ, तुम्ही त्यांना माझ्याआधीपासून ओळखता. त्यांना शेंगदाण्याचं साल घशात टोचायचं आणि लहानपणी तुम्हीच त्यांना एकेक दाणा सोलून द्यायचात, हेही मला तुमच्याच तोंडून तेराव्याला कळलं. मी जन्मभर त्यांनी घरभर फुंकलेली सालं झाडली, पण सुरुवात कुणी केली ते ठाऊक नव्हतं. अशा माणसाने सांगितल्यावर मी कोणत्या तोंडाने म्हणणार, की ह्यांनी चालू दिलं असतं?

तर मतदान. स्वयंपाकघरात ओट्यावर झाकणाचा डबा, शेजारी दोन वाट्या. ‘हो’ला सालासकट भाजलेला शेंगदाणा, ‘नाही’ला फुटाणा. एकेकाने आत जायचं, दार लोटून घ्यायचं, डब्यात टाकून बाहेर यायचं. मतदार सात: तुम्ही, वहिनी, तिघी मुली, थोरले जावई आणि शुभदावन्सं. बाहेर काय बोलणं झालं ते मी व्हिडिओवर ऐकलंच. जावई संस्कृतीवर बोलत होते, वन्सं भजनी मंडळात तोंड कसं दाखवू म्हणत होत्या, तुम्ही तुमचं तेच वाक्य पुन्हा म्हणालात. शेवटी तुम्ही आत गेलात आणि बराच वेळ आलाच नाहीत. मग वहिनींनी डबा उघडला. फुटाणा एकही नाही. शेंगदाणे आठ.

सात मतदार आणि आठ मतं, म्हणजे बोगस मतदान झालं, यात शंका नाही. जावई मुलींकडे बघायला लागले, मुली आईकडे, वन्सं देवाकडे. तुम्ही चष्मा पुसत होतात. या गैरप्रकाराची रीतसर तक्रार कुटुंबप्रमुख म्हणून तुमच्याकडे करावी, यासाठीच हे पत्र. मला दुसरं काही मागायचं नाही.

सर्वांना यथायोग्य. गुडघ्याला शेक घेत जा.

तुमची,
नंदा

ता. क. : लग्न नोव्हेंबरात आहे. नोंदणी झाली की नोराच्या अंगणात अंतरपाट धरणार. मंगलाष्टकं फोनवरून म्हणाल का? तुमचा आवाज मोठा आहे. सुराबद्दल इथे कुणाला काही कळत नाही.

ता. क. दुसरा : वृंदावहिनींनी डबा कॅमेऱ्यापुढे धरला होता. सात दाणे सालासकट होते. आठवा सोललेला होता.

ता. क. तिसरा : वरची तक्रार मी मागे घेते. मतदान गुप्त असतं, मी कुणाला विचारणार नाही. तुम्हीही काही सांगू नका. फक्त मंगलाष्टकं संपली की मुलाच्या वडिलांच्या बाजूने अक्षता तुम्ही तिथूनच टाका. मत तुम्ही टाकलंच आहे.