उतारावर लावलेली जीप

अण्णा,

सोमवारी सकाळी आपल्या अंगणात जीप पहिल्याच सेल्फला चालू झाली, तेव्हा मागच्या सीटवरून एका मुलीने मला विचारलं, "ताई, आता चालू झाली, मग माझ्या पेपरला का न्हाई झाली?" तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सोपं गेलं असतं. मी दोन शब्दांत वेळ मारून नेली. गाडीचं तेवढं उत्तर मला ठाऊक आहे. ते तुमच्यापर्यंत जाऊन पोचतं, म्हणून हे तुम्हालाच लिहिते आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होते. तुमच्याशी भांडण्याएवढी मोठी मी तुमच्यासमोर कधी झालेच नाही.

तुमची जीप सपाटीवर उभी राहिलेली मला आठवत नाही. वाडीत देवळाच्या वरच्या अंगाला, जुन्नरच्या बाजारात शिरण्याआधीच्या चढावर, कुठंही असो, तोंड उताराकडे आणि पुढच्या चाकाखाली दगड. दगड काढायचं काम माझं. तुम्ही आत बसता, मागे माणसं दाटीवाटीने बसलेली असतात, तुम्ही ब्रेकवर पाय ठेवून म्हणता, "काढ." मी दोन्ही हातांनी दगड ओढते आणि बाजूला उडी मारते. गाडी घरंगळते, तुम्ही क्लच सोडता, इंजिन खोकत जागं होतं, आणि मी धावत येऊन तुमच्याशेजारी बसते. चावी फिरवली तर नुसतं टक व्हायचं. सेल्फ का दुरुस्त करत नाही, असं मी एकदा विचारलं तर तुम्ही म्हणालात, "डोंगरात ऱ्हातो आपण. उताराला काय तोटा हाय का?" मागची माणसं हसली. मीही हसले.

मी हे विचारलं त्याच्या आदल्या वर्षीचा दसरा मला नीट आठवतो. इंजिन खाली उतरवून काम केलं होतं. ते परत चढवायच्या आधी तुम्ही चासीला, गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, काळा ऑइलपेंट देत होता, देवाची मूर्ती रंगवावी तसा, एकेक खाच शोधून. मी बोट लावलं आणि तुम्ही हातावर चापट मारलीत. "वला हाय. दसऱ्याला गाडी नवरीवानी दिसाया पायजे." मग झेंडूचा हार, बॉनेटवर हळदकुंकू, आणि आईने पुढच्या चाकापाशी फोडलेला नारळ.

तुमच्यानंतर चुलत्यांनी गाडी चालवली, तीही उतारावरूनच. मी बी.एस्सी. होऊन परत आले, घरातली पहिली. दहावीनंतर आपल्या वाड्यांवरच्या मुली घरी बसतात, कारण कॉलेजच्या वेळेला एसटी नाही, हे मी लहानपणापासून पाहत होते. जीप आहे, मला चालवता येते, मग अडलं कुठं, असं वाटलं. पहिल्या वर्षी गाडी भरून मुली यायच्या. कॉलेजच्या फाटकाशी मात्र जमीन सपाट. तिथे मी गाडी बंद करायची नाही, आणि कधी चुकून बंद पडलीच तर सगळ्या उतरून ढकलायच्या. एकजण म्हणायची, "ताई, ह्या गाडीला डिझेल नगं, पोरी लागत्यात." मुलं फाटकावर बसून टाळ्या वाजवायची. जुन्नरच्या मिस्त्रींनी नवी बॅटरी बसवली, मग सेल्फ उतरवून त्यातले कार्बन बदलले. थोडे दिवस बरे गेले आणि पुन्हा टक.

बारावीला त्या वर्षी माझ्या गाडीतली, सोमवारी मला विचारणारी ही एकटीच होती. तिच्या पेपरच्या सकाळी आम्ही दोघीच निघालो. डोंगर उतरून सपाटीला लागलो आणि उसाचा ट्रॅक्टर आडवा आला. मी ब्रेक दाबला, क्लच दाबायचा राहिला, इंजिन बंद पडलं. मी चावी फिरवते. टक. परत फिरवते. टक. ती हॉलतिकीट दातांत धरून एकटी मागून ढकलत होती आणि गाडी तसूभर हलत नव्हती. शेवटी मोटरसायकलवरून जाणारे दोघे थांबले. आम्ही पोचलो तेव्हा फाटक बंद झालं होतं. तिने गजांतून आत पाहिलं, मग हात ओढणीला पुसले. हॉलतिकिटावर तिच्या बोटांचं काळं लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आईला जीपसमोर उभं केलं, हेडलाइट लावले आणि चावी फिरवली. "दिवं बारीक झालं का?" "न्हाई बाई. हायेत तसंच हायेत." बॅटरी थकलेली असती तर दिवे मंदावले असते. म्हणजे वीज होती, तिची वाट कुठंतरी अडली होती. वीज नुसती जाऊन चालत नाही, तिला परत यायलाही रस्ता लागतो, हे मी वहीत कितीदा काढलेलं. बॅटरीच्या वजा टोकापासून एक जाड वायर थेट इंजिनाच्या लोखंडाला जोडली. आईने चावी फिरवली आणि इंजिन धडधडत चालू झालं. मग तुमचाच पाना घेऊन मी गाडीखाली शिरले. इंजिन आणि चासीला जोडणारी तांब्याची पट्टी सोडवली. तिच्याखाली वीज अडवणारा काळा रंग होता, आणि रंगाच्या कडेने आत शिरलेला गंज. त्या दसऱ्याला तुम्ही पट्टी रंगावरच कसली होतीत. पॉलिश पेपरने घासून खालचं पांढरं लोखंड उघडं केलं. अर्ध्या तासाचं काम. तेवढ्यासाठी तुम्ही शेवटपर्यंत उतार शोधलेत.

गाडी घेऊन मी तिच्या घरी गेले. तिच्या अंगणात, सपाटीवर, बंद केली, चालू केली, परत बंद केली. तिचे वडील ओट्यावरून पाहत होते. "काका, जुलैला तो पेपर परत देता येतो. फॉर्म मी भरते." ते म्हणाले, "लई बेस झालं गाडीचं. पर मी मुकादमाला शब्द दिलाय, हंगामभर ती टोमॅटोला जाणार. आन् सवताची पोर आसती तर बसवली आसती का त्या गाडीत?" मी गाडी वळवून घरी आले. मी परत दोनदा गेले. फॉर्मची तारीख निघून गेली. त्या पेपरची गोष्ट सगळ्या वाड्यांवर पोचली होती; जूनमध्ये कॉलेज उघडलं आणि गाडीत बसायला एकही मुलगी आली नाही.

मग मुकादमच दारात आला. "ताई, गाडी रिकामीच हाय म्हणं तुमची. आमच्या बाया पिकअपला लोंबकळत्यात. तुमी न्या की." मी नाही म्हणाले. नंतर दोनच दिवसांनी मी तिला पिकअपच्या फळीला धरून उभी असलेली पाहिली, आणि त्याला हो कळवलं. सोमवारपासून मी त्यांना पिंपरी पेंढारला टोमॅटो तोडायला नेते. रस्ता कॉलेजवरूनच आहे. तिथे मी वेग कमी करत नाही.

तिने विचारलं तेव्हा मी एवढंच म्हणाले, "वायरचा दोष होता." रंगाचं सांगितलं नाही, सांगणारही नाही. ते तुम्हाला सांगितलं, आणि हा कागद मी कुठे पोस्टात टाकणार आहे असंही नाही.

शेताकडेची जागा चांगली सपाट आहे. तरी मी गाडी पुढे ओढ्याच्या उतारावर नेते आणि चाकाखाली दगड लावते. वाडीतही देवळाच्या वरच लावते. बाया म्हणतात, "सेल्फ चांगला आसून ही आपली डोंगर धुंडती." सोमवारनंतर तिच्यासमोर मी सेल्फ मारलेला नाही. संध्याकाळी सगळ्या बसल्या की ती न सांगता खाली उतरते. मी ब्रेकवर पाय ठेवते आणि म्हणते, "काढ."