खिट्टी फिरवायची राहिली

४ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र बघून चमकला असशील. फोनवर तू दोन वाक्यांत आटोपतोस. पत्र निदान शेवटपर्यंत वाचावं लागतं, म्हणून हा उद्योग.

बातमी अशी, की तुझी बारकी बहीण या वयात मास्तरीण झाली आहे. आमच्या इमारतीमागच्या शाळेत उन्हाळी शिबिर भरलंय. चित्रकला, पोहणं, मातीकाम आणि जादू. जादूला चौदा पोरं आहेत, सगळी सहा ते आठ वर्षांची, आणि त्यांतली एक तुझी नात मुंगी. तुझ्या लेकीने मुंगीचं नाव घातलं ते आपलं दवाखान्यातलं काम संपेपर्यंत पोर कुठेतरी गुंतलेली बरी म्हणून. जादूचं तिला काही कौतुक नाही, हे तिने मला तोंडावर सांगितलं.

या वयाच्या मुलांना शिकवणं म्हणजे काय, ते तुला कळायचं नाही. नाणं गायब केलं की ही मंडळी लगेच बाही झटकून ते कुठे होतं ते दाखवतात, आणि त्यांना आनंद त्याचाच जास्त. एकाने रुमाल असा लपवला की त्याचा त्यालाच सापडेना. मधल्या सुट्टीत तो चड्डीतून निघाला. मुंगी मात्र टाळ्या वाजवत नाही, बोलत नाही, नुसती हात बघते. आपल्या आप्पांना जादू शिकवायला अशीच मुलं आवडायची.

दोन गोष्टी मी आपल्या घरापेक्षा वेगळ्या केल्यात, त्या लपवत नाही. आपल्याकडे प्रयोग फसला की जादूगाराने हसून सहाय्यकाकडे बोट दाखवायचं आणि सहाय्यकाने ओशाळं तोंड करून ते अंगावर घ्यायचं, अशी रीत होती. माझ्या वर्गात ज्याचा प्रयोग त्याने माझं चुकलं म्हणायचं आणि पुन्हा करायचा. दुसरं म्हणजे, आपली मनगटाची चौकट, हात कापल्याचा भास करणारी, मी मुलांना बोटापुरती पुठ्ठ्याची करून दिली आहे. कागदाचं पातं, काडेपेटीतल्या काडीची खिट्टी. खिट्टी आडवी फिरवली की पातं बोटाला चुकवून मागून जातं, उभी राहिली तर थेट बोटावर येतं. समोर कोणीही असो, बोट घालण्याआधी खिट्टी स्वतः वाकून बघायची, हे मी रोज घोकून घेते.

३१ तारखेला समारोप आहे. शिबिराच्या बाई तुला पाहुणा म्हणून बोलवायचं म्हणताहेत. येशील का?

आहे तो लोभ असाच राहू दे, जास्तीचं काही मागत नाही.

तुझी
बारकी

---

९ मे

चि. बारकीस,
अ. उ. आ.

पत्र शेवटपर्यंत वाचलं, पण एका दमात नाही. मध्येच रक्तदाबाची गोळी शोधायला उठावं लागलं. आप्पांनी जी चौकट जन्मभर कुलपात ठेवली, ती तू पुठ्ठ्याची करून शेंबड्या पोरांत वाटलीस? घरातलं घरात राहावं हे तुला कळत नाही असं नाही. आप्पांची जादूची पेटी माझ्याकडे आली याचा राग तू असा काढते आहेस.

ती तुझ्याकडेच जायची होती, हे मी कधी नाकारलेलं नाही. तुझे हात माझ्यापेक्षा साफ होते आणि आप्पा ते मला चारचौघांत ऐकवायचे. त्या दिवशी स्टेजवर तुझं लक्ष ठिकाणावर असतं, ऐन वेळी हात ओढला नसतास, तर तुझ्या डाव्या हाताची ती दोन बोटं आज नीट वाकली असती आणि मी कुठेतरी फायली सरकवत बसलो असतो. नशीब म्हणायचं आणि सोडून द्यायचं.

आणि माझं चुकलं म्हणणारा जादूगार मी तरी ऐकलेला नाही. तो स्टेजवर कशाला आला असं लोक विचारतील.

समारोपाला येतो. सहा वर्षांत मला कार्यक्रमाला कोणी बोलावलेलं नाही, तुझ्याशी काय लपवायचं? काळा कोट काल धुवायला दिलासुद्धा. चौकट घेऊन येतो. हात मुंगीचा घेऊ. आजोबा आणि नात म्हटलं की लोक विरघळतात.

तब्येतीला जप आणि थोरल्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा
दादा

---

१३ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. एकतीस वर्षं जे बोलले नाही ते आज लिहिते, कारण आता प्रश्न मुंगीच्या हाताचा आहे.

खिट्टी तुझ्या बाजूला होती. मी हात घातला तेव्हा ती उभी होती. मी तुझ्याकडे बघितलं. तू लोकांकडे बघत होतास. मी हात ओढला म्हणून मनगट वाचलं आणि दोन बोटांवर निभावलं. तू हसून लोकांना सांगितलंस, की बहिणीचं लक्ष नाही. लोक हसले. मी ओशाळं तोंड केलं, कारण आपल्याला तेच शिकवलं होतं. हात रुमालात गुंडाळून मी लोकांना लवून अभिवादनही केलं. दवाखान्यात आप्पांनी काय झालं ते विचारलं, तेव्हा तू पुन्हा तेच सांगितलंस आणि मी गप्प बसले. ते गप्प बसणं माझं, तेवढं मी पदरात घेते.

मला तुझा समारंभ मोडायचा नाही. तू कोट धुवायला दिलास हे वाचून मला रडू आलं, खरं सांगते. दोन गोष्टी दे, आणि मी बाईंना होकार कळवते. खिट्टी तुझ्याकडून राहिली, एवढी एक ओळ लिहून पाठव. फक्त माझ्यासाठी, मी ती कोणाला दाखवणार नाही. आणि चौकटीत हात हवाच असेल तर माझा डावा घे. तो तसाही बिघडलेलाच आहे. पोरीचा नको.

लोभ असेल तर याच पत्रापुरता दाखव, पुढचं पुढे बघू.

तुझी
बारकी

---

१९ मे

चि. बारकीस,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला. तीन कागद फाडले, हा चौथा.

हो, खिट्टी माझ्याकडून राहिली. तिसऱ्या रांगेत त्या मोठ्या नाट्यगृहाचे मॅनेजर बसले होते आणि मी त्यांचा चेहरा बघत होतो. हातातल्या दांड्यावरूनच मला कळलं, की पातं कशाला तरी लागलंय. आप्पांना सांगणार होतो. तुझी बोटं बरी झाली की सांगू असं ठरवलं होतं, पण ती बरी झाली नाहीत. मग आप्पांनी पेटी माझ्याकडे सरकवली आणि सांगायला जागाच उरली नाही.

झालं समाधान? हे माझ्या लेकीला कळता कामा नये. ती माझ्याकडे ज्या नजरेने बघते, तेवढंच आता माझ्याजवळ आहे. वाचून झालं की हे पत्र फाडून टाक.

हात तुझाच घेऊ, कबूल. खिट्टीला नवी स्प्रिंग बसवली आहे, पात्याची धारही जरा मोडली आहे. आता काळजी नसावी.

म्हाताऱ्या भावाला मनातून काढू नकोस.

तुझा
दादा

---

२ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

समारोपातून तू न सांगताच निघून गेलीस आणि फोनही उचलत नाहीस. बाबांनी ऐन वेळी तुझ्याऐवजी मुंगीला वर बोलावलं, म्हणून रागावलीस का? त्यांचं म्हणणं, तुझी वाकडी बोटं बघून लहान मुलं घाबरली असती. ते बोलायला कडू आहेत, पण पोटात काही नसतं, तुला ठाऊकच आहे.

खरी शोभा मुंगीने केली. हात घालायचा सोडून वाकून चौकटीची बाजू काय तपासली, खिट्टी फिरवलेली नाही म्हणून भरसभेत काय सांगितलं, आणि वर आजोबांना म्हणाली, की आता तुम्ही माझं चुकलं म्हणा. बाबांनी बिचाऱ्यांनी हसण्यावारी नेलं. पोरगी घाबरली, आमच्या घराण्यातली जुनी खोड आहे, माझ्या बहिणीनेही असाच ऐन वेळी हात ओढला होता, असं त्यांनी सांगितलं तेव्हा लोक खूप हसले. पण घरी आल्याआल्या बाबांनी कोट काढून कोपऱ्यात टाकला. मला फार वाईट वाटलं. सहा वर्षांनी मिळालेला कार्यक्रम त्यांचा.

मुंगीचा हेका एकच, खिट्टी उभी होती. शेवटी मी तिला आजोबांना चिठ्ठी लिहायला बसवलं. माझं लक्ष नव्हतं, मी पुन्हा असं करणार नाही. अक्षर नीट येईपर्यंत तीन वेळा लिहून घेतलं. बाबा तिथेच पेपर वाचत होते, राहू दे राहू दे म्हणाले, पण चिठ्ठी त्यांनी घेतली. रुमाल, नाणं, पुठ्ठ्याची चौकट, सगळं एका डब्यात भरून तिने माझ्याकडे आणून दिलं.

तू तिला जरा समजाव. लहानपणी तुझंही असंच लक्ष उडायचं असं बाबा सांगतात, तेव्हा तुझं ती ऐकेल.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी भाची

---

५ जून

दादास,
या वेळी नुसता नमस्कार.

तुझ्या लेकीचं पत्र आलं. मुंगी ती चिठ्ठी तीन वेळा लिहीत होती तेव्हा तू त्याच खोलीत पेपर वाचत होतास, हे त्यात आहे. तिला माहीत नाही, तिने काय लिहिलंय. तुला माहीत आहे.

मी पडद्याआड उभी होते, डावी बाही दुमडून तयार. तू मुंगीचं नाव घेतलंस आणि मी धावले, पण मी पायऱ्या चढेपर्यंत ती वाकून बघत होती. नवी स्प्रिंग, मोडलेली धार आणि खिट्टी फिरवायची राहिलीच. याही वेळी तू लोकांकडे बघत होतास. मी शिकवलं तसं पोरीने केलं म्हणून तिचा हात वाचला, आणि त्याबद्दल तिला शिक्षा झाली. मी तिथेच बोलायला हवं होतं. लोक हसत होते आणि माझं तोंड आपोआप ओशाळं झालं. एकतीस वर्षांची सवय. त्याची लाज वाटून मी निघून गेले, दुसरं काही कारण नव्हतं.

मी कबूल केलं होतं, तुझी ओळ कोणाला दाखवणार नाही. तू कबूल केलं होतंस, हात माझा घेशील. आता दोघांचंही मोडलं.

तुझं ते पत्र मी फाडलं नव्हतं. कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवलं होतं आणि रोज काढून वाचत होते. अख्ख्या आयुष्यात मला तेवढंच हवं होतं रे. आज ते दुसऱ्या पाकिटात घालून तुझ्या लेकीच्या पत्त्यावर टाकते आहे. आधी वाटलं नक्कल करून ठेवावी. मग नको म्हटलं. त्या ओळीची गरज आता मुंगीला जास्त आहे. माझ्याकडे ती दोन आठवडे होती.

दोन्ही पाकिटं एकाच टपालपेटीत पडतील. हे तुला आधी मिळालं तर लेकीला स्वतःच्या तोंडाने सांगायला एखादा दिवस हाताशी असेल. सांगशील असं मला वाटत नाही, आणि तसं वाटत नाही याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

शेवटी सवयीने लोभ राहू दे असं लिहायला हात गेला होता. मागे घेतला.

बारकी