गुलाबी टोपी, हिरवा चुडा

मी, सौ. मंजिरी विजयकुमार टिपणीस, वय वर्षे अठ्ठावन्न, व्यवसाय प्रसूतिकक्षातील परिचारिका, मूळ गाव नाशिक, सध्या राहणार अल-खोबर, सौदी अरेबिया, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, तब्येत ठणठणीत असताना व चष्मा लावून लिहून ठेवते ते येणेप्रमाणे :

१. नाशिकचा फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझ्या पश्चात यजमान हयात असेपर्यंत त्यांनी तो वापरावा. नंतर मुलगा सत्यजित व मुलगी नूपुर यांनी समान वाटून घ्यावा. बँकेतल्या ठेवींचेही तसेच. यावरून दोघे भांडणार नाहीत. आमच्या घरात भांडणे फक्त बेसबॉलवरून होतात.

२. सामने पाहायची माझी दुर्बीण माझे दीर सुशील यांच्याकडे बरीच वर्षे आहे. ती त्यांनाच दिली असे समजावे, म्हणजे कोणाला मागायला नको.

३. सासरे कै. अण्णासाहेब यांची गुलाबी टोपी व कातडी हातमोजा. सासरे येथे तेल कंपनीत इंजिनीयर होते. शेजारच्या अमेरिकन कुटुंबाने त्यांना बेसबॉलचे वेड लावले आणि त्यांनी ते घरादाराला लावले. शुक्रवारच्या हौशी सामन्यांतला आमचा संघ 'खोबर फ्लेमिंगो'. मी लग्न होऊन आले तेव्हा मला क्रिकेटच ठाऊक होते. पहिल्याच शुक्रवारी सासऱ्यांनी माझ्या डोक्यावर ही टोपी ठेवली आणि म्हणाले, "सूनबाई, कुलदैवत बदलायचं नाही. संघ मात्र आजपासून हा." पुढे मी त्यांच्याहून कडवी झाले.

या दोन्ही वस्तू माझी सून सौ. रुचा हिला द्याव्यात. घरचे चकित होतील, म्हणून कारण लिहिते.

रुचा इथल्याच हुफूफ शहरातल्या डॉक्टर दांपत्याची मुलगी. तिचे माहेर 'हुफूफ पाम्स'चे, म्हणजे आमच्या हाडवैऱ्यांचे. लग्नाआधी मी तिला हीच टोपी देऊ केली, ती तिने नम्रपणे परत केली. हिरवा चुडा भरताना मला म्हणाली, "आई, हा तर आमच्या संघाचा रंग." ते मी मनात ठेवले, हे नाकारत नाही.

पुढे आमचा व हुफूफचा अंतिम सामना आला. रुचाचे दिवस भरले होते, तरी हिरवा शर्ट घालून ती आमच्या स्टँडमध्ये, माझ्याच शेजारी बसली. शेवटचा डाव. हुफूफ एका धावेने पुढे. आमचे दोन गडी बाद. तिसरा बाद झाला की खेळ संपला. दोघे बेसवर उभे, आणि सत्यजित बॅट घेऊन मैदानात येत होता. इतक्यात रुचाने माझे मनगट धरले. आयुष्य प्रसूतिकक्षात गेल्यावर त्या पकडीचा अर्थ विचारावा लागत नाही. मी त्याला हाक मारायला उठले, तर तिने मला खाली ओढले.

"आई, त्याला नका सांगू. बॅट टाकून धावत येईल."

मी म्हटले, "मग तुझाच संघ जिंकेल."

"तसं नको जिंकायला."

ह्यांना मैदानावर ठेवून मी तिला गाडीत घातले आणि निघाले. सामन्याकडे एकदाही मागे वळून पाहिले नाही. समुद्रकाठच्या कॉर्निश रस्त्याच्या वळणावर ह्यांचा फोन आला. रुचाने ऐकून घेतले, आलेली कळ जाऊ दिली, आणि म्हणाली, "आई, अभिनंदन. सत्यजितने मारलं. तुम्ही जिंकलात." मग म्हणाली, "आता जरा जोरात चालवा."

मुलाचा तो फटका मी पाहिला नाही. त्याची हळहळ वाटते, पण आपल्या हरलेल्या संघाची बातमी अशा वेळी इतक्या सरळ मनाने सांगणारी माणसे फार नसतात. त्या दिवसापासून माझी तिच्याविरुद्ध काही तक्रार नाही. टोपी तिने घालावीच असे नाही. सांभाळावी.

४. नात कु. ईशा. ती त्याच संध्याकाळी माझ्या हातात आली. हॉस्पिटलचे कापड हिरवे असल्याने हुफूफकर तिच्यावर अजून हक्क सांगतात. सत्यजित मळक्या गुलाबी गणवेशातच धावत आला, म्हणून आम्हीही सांगतो. ईशा स्वतः मात्र सध्या रियाधच्या संघाची आहे, कारण त्यांचे मोजे पिवळे आहेत. तिला कोणीही भरीला पाडू नये. माझे सोन्याचे तोडे तिचे, संघ कोणताही असो.

५. माझे दिवस सुरू असताना शुक्रवार आला तर सामना चुकवू नये. सुतकात बेसबॉल पाहू नये, असे कुठल्या पोथीत मला तरी आढळले नाही. माझ्या खुर्चीवर रुचाने बसावे. ती तिच्या संघासाठी ओरडू लागली, तर आमच्या स्टँडमधल्या कोणीही तिला गप्प करू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, ह्यांना वाचून दाखवला. मिळकत मिळणाऱ्याने साक्षीदार होऊ नये असे कळल्यावरून घरच्यांना वगळून, खालील दोघांसमक्ष सही केली व त्यांनी माझ्यासमक्ष केली.

सही : सौ. मंजिरी विजयकुमार टिपणीस

साक्षीदार :
१. डॉ. अनिमेष बर्वे, सहकारी. (बेसबॉल कळत नाही.)
२. शारीक मुकादम, पंच. (दोन्ही संघांना मान्य.)

स्थळ : अल-खोबर
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार, सामन्याला निघण्यापूर्वी