आमच्या बराखीवर गावाचा डोळा

कळंब
श्रावण, सोमवार

प्रिय दादाभाऊ,

तुझा फोन आला तेव्हा दुकानात चार माणसं उभी होती, म्हणून मी नुसतं हो-हो केलं. त्याला होकार समजू नकोस. आईचे गुडघे धरलेत, बाकी घरी सगळं ठीक आहे.

एरवी तू हळूच सांगतोस, आक्का, कांदा ठेव किंवा काढ, आणि कुणाजवळ बोलू नकोस. या वेळी मात्र म्हणालास, निर्यातबंदी उठत नाही, भाव पडणार, दिवसाढवळ्या साठवणीच्या कांद्याची बराख फोड आणि टेम्पो रस्त्यावर उभा करून भर. बहिणीचा कांदा विकायला एवढा गाजावाजा कशाला रे? तेव्हापासून माझ्या डोक्यात किडा वळवळतोय.

आपली बराख उघडली की दिल्लीहून निरोप आला असं गाव समजतं, हे तुला पक्कं ठाऊक आहे. साठवलेला कांदा विकायचा की नाही, ते लोक आपल्या दाराकडे बघून ठरवतात. गेणभाऊ रोज डेअरीला जाताना थांबतो आणि विचारतो, "साळुबाई, तुमची बराख कवा फुटतीया? तुमी फोडली की आमी फोडू. दादाभाऊला आतलं लई कळतं."

हा मान तू फुकट मिळवला नाहीस. रस्त्यावर कांदा ओतून नाशिकच्या गाड्या अडवल्यास, तेव्हा पोलिसांनी तुला अनवाणीच गाडीत घातलं होतं. चपला घेऊन मी मागे धावले होते. मग शेत माझ्यावर टाकून दिल्लीला गेलास, मंत्र्यांच्या दारात कांद्यासाठी ताटकळलास. पुढे निर्यातदारांच्या मंडळानं पगारावर ठेवलं. तू म्हणालास, काम तेच आहे, फक्त तिकीट आता ते काढतात. मी मानलं. तुझं बोलणं गुळगुळीत होत गेलं तेही मी चालवून घेतलं.

शनिवारी आईचं औषध आणायला मंचरला गेले होते. शिमग्याला तुझ्याबरोबर पुरणपोळी खाऊन गेलेला तो मंडळाचा माणूस तिथं गोदामं भाड्यानं घेत होता. रिकाम्या गोण्यांचा ट्रक खाली होत होता. मला बघून त्यानं मान फिरवली. भाव पडणार असेल तर गोदामं कशाला? बंदी उठणार हे त्याला कळलंय, मग तुला कसं नाही कळलं? उठायच्या आत गावाचा कांदा मातीमोल घ्यायचा, आणि त्यासाठी आधी तुझ्या बहिणीची बराख फुटायला हवी. देवा, हे खोटं निघू दे, असं मी दोन दिवस म्हणतेय.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. काल संध्याकाळी गेणभाऊ आला. मी त्याला सांगितलं, दादाभाऊचा फोन आला होता, कुणीही बराख फोडू नका म्हणाला. रात्रीतून ते गावभर झालं. आज एकही टेम्पो भरला नाही आणि जो तो तुझं नाव घेतोय. ते ऐकून मला रडू आलं. इतकी वर्षं तू आमच्या नावानं बोललास, या खेपेला मी तुझ्या नावानं बोलले. पटत नसेल तर ये, आणि गेणभाऊच्या तोंडावर सांग की मी असं म्हणालोच नव्हतो.

अजून तरी तुझीच,
साळुआक्का