मान हलवायची नाही

१४ जानेवारी, मंगळवार

मान हलवली! पहिल्याच दिवशी, पहिल्याच साक्षीदारापुढे!

वृद्धाश्रमाची व्यवस्थापिका सांगत होती, म्हातारा कसा फरशीवर विव्हळत पडला होता, खुब्याचं हाड कसं मोडलं — आणि मी आपली बसल्या जागी हं-हं करत मान डोलावतेय. युनियनची वकील ऑस्ट्रोव्स्की माझ्याकडे बघतच राहिली.

जेवणाच्या सुटीत थॉर्बर्न सरांनी — या प्रकरणाचे लवाद — मला कोपऱ्यात घेतलं. "कारिना, ती मान आहे की दाराची बिजागरी? इथे तुझी मान म्हणजे अर्धा निवाडा. दोन्ही बाजू निकालाआधी तीच वाचत बसतात."

घाम फुटला. बाहेर उणे पंचवीस आणि मला घाम! इतकी वर्षं वकिली केली, अशिलापुढे मान हलवणं हाच तर धंदा होता. लवाद व्हायचं तर आधी तीच विसरायची.

तशी मी अजून कोणीच नाही. शिकाऊ. दोन्ही बाजूंनी मला खोलीत बसू दिलंय ते एका अटीवर — ऐकेन, शिकेन, निर्णयात बोट घालणार नाही. सकाळी सरांनी ती अट माझ्याकडूनच मोठ्यांदा वाचून घेतली. मला माझी जागा दाखवायला असणार. 

१५ जानेवारी

पाइन रॅपिड्समध्ये मोटेल एकच, खाणावळ एकच. आम्ही आत शिरलो की बोलणी बंद होतात. पिम — वृद्धाश्रमाचा वकील — एका टोकाला, ऑस्ट्रोव्स्की दुसऱ्या टोकाला, मधे आम्ही दोघं वाळीत टाकल्यासारखे. सरांचा नियम: कुणाच्या टेबलाशी बसायचं नाही, कुणाच्या गाडीत चढायचं नाही. एका वकिलाशी बोलायचं तर दुसराही त्याच क्षणी ऐकत असला पाहिजे. "हवामानाबद्दलसुद्धा?" "हवामानाबद्दल तर मुळीच नाही."

रोझली केनेल खिडकीशी एकटीच सूप पीत होती. जिची नोकरी गेली, जिच्यासाठी युनियन भांडतेय, ती हीच. मला बघून तिनं हात जरासा वर केला. मी नजर वळवली. नियमच आहे! सूप अर्धं टाकून उठले.

रात्रपाळीला म्हाताऱ्याच्या खोलीतून मदतीची घंटा वाजली, बारीक पीं-पीं आवाजाची, रोझली गेली नाही, म्हातारा स्वतःच उठायला गेला आणि पडला. नोंदीचं यंत्र म्हणतं घंटा वाजली. ती म्हणते वाजलीच नाही. झोप लागली म्हणाली असती तर ताकीद देऊन सोडली असती. काढलं ते खोटं बोलली म्हणून. एकदा असा शिक्का बसला की या गावात तिला कुणी भांडी घासायलाही ठेवणार नाही.

१६ जानेवारी

रोझलीची साक्ष. आधी ती लाकडाच्या मिलमध्ये मोठ्या करवतीवर होती, मग वृद्धाश्रमात. ऑस्ट्रोव्स्की आपल्या घोगऱ्या आवाजात विचारत होती तोवर सगळं सुरळीत. मग पिम उठला. त्याचा आवाज बारीक, चिरका. त्याच्या प्रत्येक अवघड प्रश्नाला ही — "काय म्हणालात?"

"घंटा तुमच्या डोक्यावर वाजत होती ना?"

"काय म्हणालात?"

"उत्तर जुळवायला वेळ हवाय का बाई? चहा मागवू?"

तिचा चेहरा लालबुंद. मी मान अगदी खिळ्यानं ठोकल्यासारखी ठेवली. पण मनात म्हटलं, बाई, खोटं बोलतेयस तू.

सर डोळे मिटून ऐकत होते. किती एकाग्रता! परतताना गाडी मी चालवत होते. वाटेत अचानक म्हणाले, "पिमच्या शेवटच्या प्रश्नाला ती काय म्हणाली?" परीक्षा!  सगळं आठवून शब्दाला शब्द सांगितलं. मग म्हणाले, "आणि व्यवस्थापिका? जेवणानंतरचं सांग." तेही सांगितलं. "शाबास." हुश्श!

१९ जानेवारी

सरांचा फोन. "तू तुझा निवाडा लिही. सराव म्हणून. खरा आहे असं समजूनच लिही, भीती वाटली पाहिजे."

भीतीची काय कमतरता!

"आणि तुमचा?"

"आधी तुझा पाठव. म्हणजे माझा बघून लिहायला नको."

अभ्यासक्रमातला पहिलाच धडा आठवला — ज्याची निवड झाली त्यानंच ठरवायचं. दुसऱ्या कुणाचा हात निघाला तर कोर्ट निवाडा रद्द करतं, नव्या लवादापुढे सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि त्या दुसऱ्या हाताला या धंद्यात परत कुणी उभं करत नाही. पण हा सरावच. भरपूर चुकायची मुभा.

२३ जानेवारी

लिहवत नाही. कोर्टात चूक झाली तर वर दुसरं कोर्ट असतं. इथे जवळजवळ कुणीच नाही. ज्यानं लिहिलं त्याचाच शब्द शेवटचा. नुसता सराव, तरी ही गत! खरं लिहायची वेळ आली तर काय करणार आहे मी? वकिलीच बरी होती का?

२६ जानेवारी

जमलं! बडतर्फी कायम. एक वाक्य तर फारच छान उतरलंय: "प्रत्येक अवघड प्रश्नापाशी साक्षीदार बहिरी झाली, सोप्या प्रश्नापाशी कधीच नाही." चारदा वाचलं. स्वतःवरच खूश.

२७ जानेवारी

पाठवला. मग पुन्हा दोनदा उघडून वाचला.

३ फेब्रुवारी

सरांचा फोन. "चांगलं लिहितेस. फार चांगलं." एवढंच. त्यांचा कधी दाखवणार विचारलं तर म्हणाले, "घाई काय आहे?" आवाज थकलेला वाटला. माझ्यात काही खोट सापडली असणार आणि सांगवत नसणार.

८ फेब्रुवारी, शनिवार

कोटही न काढता वही उघडली. आधी हे लिहिते.

दर शनिवारसारखी बाबांकडे, थंडर बेला गेले. "या, न्यायाधीशबाई! आज आम्हाला किती वर्षं ठोठावणार?" सौनाची वाफ घेऊन झाली, टेबलाशी बसलो. वेलचीचा पाव भट्टीत. भट्टीची घंटा पीं-पीं करायला लागली. बाबा भट्टीकडे पाठ करून शांतपणे हेरिंग माशाचे काटे काढतायत.

"बाबा, पाव!"

"काय झालं पावाला?"

"घंटा बोंबलतेय!"

"कुठली घंटा?"

मी तोंडातल्या तोंडात पुटपुटले, कमाल आहे या म्हाताऱ्याची. तर बाबा लगेच, "म्हातारा कुणाला म्हणतेस?"

"अहो, हे ऐकू येतं आणि ती घंटा नाही?"

"मिलच्या करवतीनं बारीक आवाज तेवढे खाल्ले. जाड राहिले. मला कुठे पत्ता होता! तुझी आई ओढत घेऊन गेली डॉक्टरकडे. बँकेतल्या त्या किरट्या आवाजाच्या पोरीला मी सारखा काय म्हणालात, काय म्हणालात करायचो. तिला वाटायचं, म्हातारा मुद्दाम छळतोय."

मी पाव भट्टीतच विसरले. बाबा विचारतायत, "पाव करपला का गं?"

करवत. पिमचा चिरका आवाज. बारीक घंटा. अरे देवा! ती खोटं बोलतच नव्हती. कदाचित तिलाही ठाऊक नसेल. आणि मी काय लिहिलं — बहिरी झाली म्हणे, अवघड प्रश्नापाशी! लाज वाटते मला त्या वाक्याची.

नशीब की माझा सराव होता. मी काही ठरवू शकत नाही, पण सर दोन्ही बाजूंना बोलावून एवढं तर विचारू शकतात — हिचे कान तपासलेत का कुणी? निवाडा बाहेर पडला नाही तोवर सगळं होऊ शकतं. एकदा पडला की लवादाचेही हात बांधले.

९ फेब्रुवारी

सर फोन उचलत नाहीत. चौथ्यांदा केला. का उचलत नाहीत?

१० फेब्रुवारी, सोमवार

निवाडा शुक्रवारीच गेला. माझी प्रत आज आली. "प्रत्येक अवघड प्रश्नापाशी साक्षीदार बहिरी झाली." सगळा माझा, पहिल्या ओळीपासून. फक्त सही सरांची, ओळ सोडून तिरकी खाली गेलेली.

लगेच फोन केला, या वेळी त्यांनी उचलला. "मला आता वाचताच येत नाही कारिना, अक्षरं दिसत नाहीत. गेल्या उन्हाळ्यापासून. आणि दुपारनंतरचं लक्षात राहत नाही." गाडीतली ती परीक्षा नव्हतीच. रडत होते. मीही रडले. कुणाला सांगू नकोस म्हणाले नाहीत. दुसऱ्या हाताचा तो पहिला धडा आठवला: निवाडा रद्द, सगळं पुन्हा पहिल्यापासून.

मग ऑस्ट्रोव्स्की आणि पिम, दोघांना एकाच वेळी फोनवर घेतलं. दोघं ऐकतायत ना, असं दोनदा विचारलं आणि म्हटलं, तो निवाडा मी लिहिलाय.